काळी कोंबडी आणि परतीची वाटी

आमच्या सासरी कोंबडी घरात शिजत नसे. घरात म्हणजे आत्याबाईंच्या चुलीवर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी गळ्यात माळ घातली होती, त्यामुळे कोंबडी, मटण, अंडं यांना उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. गोठ्याच्या कडेला तीन दगडांची चूल, तिथली भांडी जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, पळी वेगळी, पाटा वेगळा आणि रांधणारे पुरुष. बायकांनी फक्त कांदे सोलायचे, मसाला वाटून द्यायचा, भाकऱ्या थापायच्या, जळण पुरवायचं आणि शेवटी भांडी घासायची. म्हणजे फोडणी तेवढी पुरुषांची. पण दुसऱ्या दिवशी पारावर बसून 'काल मी कोंबडं केलंतं' म्हणून सांगणार तेच. माझं माहेर रहिमतपूर. तिथंही हीच तऱ्हा होती, पण माहेरचं वाईट कुणी बोलतं का!

सासरचं गाव पलूसजवळचं. बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता आणि आमचा ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गूळ खात नसत, गुळावर जगत. चहात गूळ, भाकरीवर तूप-गूळ, जेवण झालं की तोंड गोड करायला गूळ, आणि शेताला निघताना खिशात गूळ. एकदा उसाच्या बुडख्यानं त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागलं. हळद भरली, झाडपाला बांधला, जखम काही भरेना. शेवटी सांगलीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी जखमेआधी लघवी तपासली आणि मधुमेह असल्याचं सांगितलं. गूळ बंद, साखर बंद, भात बंद, भाकरी जेमतेम चतकोर. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि एकदा कापायला लागलं की अंगठ्यावरच थांबेल असं नाही.

"काढंना," मामंजी म्हणाले. "दुसऱ्या पायाला हाय की एक."

मला हसू आलं, पण शेजारी बसलेल्या आत्याबाईंचा चेहरा पाहून ते जिरलं. येताना एस.टी.त त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आत्याबाई गप्प बसल्या की समजावं, घाबरल्या आहेत.

डॉक्टरांनी घरी तपासायला निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि ती धरायला चिमटा दिला होता. नळीत औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. औषध निळंच राहिलं तर बरं. हिरवं झालं तर सावध, पिवळं झालं तर वाईट, आणि विटकरी झालं तर सांगली गाठा. आता ही नळी तापवायची कुठं? आत्याबाईंनी आधीच जाहीर केलं, "माझ्या चुलीवर असलं काय बी तापवायचं न्हाई." मग ती नळीही गोठ्याकडच्या तीन दगडांवर गेली.

अशात आमचे हे सुट्टीवर आले. हे पलटणीत होते, पूर्वेकडच्या डोंगरात. होल्डॉलमधून त्यांनी लोकरीचा स्वेटर, माझ्यासाठी एक शाल आणि काळ्याकुट्ट पाण्याची एक बाटली काढली.

मामंजींनी बूच उघडून वास घेतला. "इंजिनात घालायचं हाय व्हय?"

"सॉस हाय आबा. चिनी लोकांचा. सोयाबीनचा करत्यात."

"मग चिनी लोकांचं इंजिन आसंल."

यांच्या पलटणीच्या लंगरात एक लांगरी, म्हणजे आचारी होता, त्याच्याकडून हे कोंबडीचा एक प्रकार शिकून आले होते. त्यात रस्सा नाही, खोबरं नाही, कांदा-लसूण मसाला नाही, आणि मुख्य म्हणजे भाकरी लागत नाही. डॉक्टरांचं पथ्य ऐकल्यावर हे म्हणाले, मग आबांसाठी याच्यासारखं जेवण नाही. कोंबडी पोटभर खा, वर कोबी खा, साखरेचं नाव नको.

करायला अगदी सोपं होतं, पण गल्लीनं ते सोपं राहू दिलं नाही. हे पाटावर बसून कोंबडीची हाडं काढायला लागले, तर मामंजी ओरडले, "आरं हाडं टाकलीस? मग चोखायचं काय?" बोटाएवढ्या पट्ट्या कापून झाल्यावर मी आलं, लसूण आणि हिरव्या मिरच्या वाटून दिल्या. गावरान कोंबडी चिवट, म्हणून कच्च्या पपईची एक फोडही वाटली. त्यावर परड्यातल्या लिंबाचा रस आणि वरून तो काळा सॉस. लांगरी त्यात चमचाभर साखर घालत असे, ती यांनी वगळली. मग सगळं कालवून, वर ताटली ठेवून, पातेलं रांजणाशेजारच्या गार वाळूत ठेवून दिलं.

"आता?" मामंजींनी विचारलं.

"आता मुरू द्यायचं."

उंबऱ्यात नाकाला पदर लावून आत्याबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोंबडीचं लोणचं घालतूयास व्हय रं? आनि वरसभर पुरवायचं?"

दुपार कलल्यावर यांनी लोखंडी कढई चांगली धूर येईपर्यंत तापवली, शेंगतेल घातलं आणि मुरलेल्या पट्ट्या थोड्या थोड्या करून भरभर परतल्या. शेवटी भाजलेले तीळ आणि कांद्याची पात. वास असा सुटला की शेजारचं कुत्रं येऊन आमच्या गोठ्यात बसलं. रंग मात्र काळा. गल्लीतल्या दोघी-तिघी डोकावून 'करपलं की गं' म्हणून हळहळून गेल्या. हे प्रत्येकीला 'करपलं न्हाई, रंगच तसला हाय' म्हणून सांगत होते. कुणाचाही विश्वास बसला नाही.

मामंजींपुढं ताटली ठेवली. काळ्या पट्ट्या आणि शेजारी कोबीची पानं.

"भाकरी?"

"कोबीच्या पानात गुंडाळून खायाचं, आबा."

"म्हंजी हिरवा चारा." त्यांनी गोठ्यातल्या बैलाकडं पाहिलं. बैलानंही त्यांच्याकडं पाहिलं.

पण पहिला घास खाल्ल्यावर त्यांनी बैलाकडं पाठ फिरवली. दुसरा खाल्ला. मग ताटली पुढं सरकवून म्हणाले, "वाईच वाढ." एकही भाकरी न मोडता त्यांचं पोट भरलं. यांची छाती अशी फुगली की जणू पलटणीनं एखादी टेकडी जिंकली असावी. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. नाकाला पदर लावलेल्या आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाल्या, मिरचीची खाट डोळ्यांत गेली.

जेवण झाल्यावर मामंजींनी एक वेगळीच गोष्ट काढली. "आसलं गावात कुणी खाल्लं न्हाई. गल्लीत वाटी-वाटी द्याया पायजे."

नवीन काही केलं की शेजारी द्यायची रीत आमच्यात आहेच. पण ते काम बायकांचं. मी पदर खोचून उठले तर म्हणाले, "तू बस. दमलीयास. मी न्हेतो."

आम्ही बघतच राहिलो. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा तांब्या उचलला नव्हता, तो दुखऱ्या पायानं लंगडत, दोन्ही हातांत जर्मनच्या वाट्या घेऊन शेजाऱ्यांच्या दारी निघाला. भिंतीपलीकडच्या जैन काकूंकडं कोंबडी चालणार नाही हेही त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांच्यासाठी आत्याबाईंकडून स्टीलची स्वच्छ वाटी मागून घेतली आणि परड्यातली लिंबं नेली, तीही दिवस मावळायच्या आत, कारण नंतर त्यांची चूल बंद. यांचा ऊर भरून आला. "आजारपणानं आबा मऊ झाले," हे म्हणाले.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा काळी कोंबडी व्हायला लागली, आणि दर वेळी मामंजी वाट्या घेऊन जायला लागले. गल्लीत कौतुक. आत्याबाई मात्र घुश्शात. वाट्या नेल्याचा राग नव्हता त्यांना. वाट्या परत येत होत्या त्याचा होता.

आमच्याकडं कुणाची वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, चार शेंगा टाकतील, पण रिकामी वाटी म्हणजे अपमान. आणि मामंजी एकापाठोपाठ एक रिकाम्या वाट्या आणून ठेवत होते.

"आवं, काय घातलं न्हाई त्यांनी?"

"न्हाई बा."

"समोरच्यांनी बी?"

"न्हाई. दिवस पालटलं आता. माणसांची रीत ऱ्हायली न्हाई," मामंजी उसासा टाकून म्हणत आणि मिशा पुसत.

आत्याबाईंनी समोरचीशी बोलणं टाकलं. मग कडेच्या घराशी टाकलं. जैन काकूंचा प्रश्न जड होता. कोंबडी शिजायच्या दिवशी वासापासून लांब म्हणून आत्याबाई त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसायच्या, दोघींची अगदी जिवाची मैत्री. पण त्यांच्याकडूनही लिंबाची वाटी कोरडी आली, तशा आत्याबाई आमच्याच पायरीवर बसून राहिल्या. नाकाला पदर, वर धूर आणि तोंडानं सगळ्या गल्लीचा उद्धार.

त्यातच नळी विटकरी झाली.

आदल्या आठवड्यात हिरवट होती, त्या सकाळी एकदम कौलासारखी लाल. अंगठ्याची कड काळपट दिसत होती. भाकरी नाही, भात नाही, गुळाचा डबा आत्याबाईंच्या कुलपात, आणि साखर चढते. हे नळी हातात धरून उन्हात उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. सुट्टी संपत आली होती, आणि बापाचा पाय कापायची पाळी आपल्या कोंबडीनं आणली या विचारानं त्यांचा जीव थोडा थोडा होत होता.

"त्या काळ्या पाण्यातच साखर हाय," आत्याबाई म्हणाल्या. "फेक ती बाटली उकिरड्यावर."

यांनी खात्री करायला नळीत तो सॉसच घातला आणि तापवला. तो आधीही काळा होता, नंतरही काळाच राहिला. त्यातून शास्त्र काही पुढं सरकलं नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ती कोंबडी तुम्हीपण खाता. तुमची तपासा की."

यांनी नळी धुतली. मग हे गोठ्यामागं गेले. तपासली. निळी! आमच्या परड्यावरच्या आभाळापेक्षा निळी. मग यांना चेव आला. त्यांनी मलाही तपासायला लावलं, मीही निळी निघाले. कोंबडी निर्दोष सुटली. आता मामंजींच्या पोटात साखर येते कुठून? मामंजी खाटेवर पडून आढ्याकडं बघत म्हणाले, "देवाची करणी."

त्याच दुपारी विहिरीवर आत्याबाई आणि जैन काकू समोरासमोर आल्या. मी मागं घागर घेऊन होते. आत्याबाई तिसरीकडं बघत मोठ्यानं म्हणाल्या, "काय करायचं बाई, मोठ्यांच्या घरात बी आता वाटीत घालायला काय नसतंया."

काकू म्हणजे अतिशय शांत बाई. मुंगीलाही वळसा घालून जायच्या. त्यांनी पोहरा खाली ठेवला.

"मला म्हणताय?"

"ज्याला लागलं त्याला."

"आवं, तुमच्या वाटीत शेंगदाणा-गुळाचं लाडू दिलं मी! दर बारीला! तूप लावून वळून! तुमचं मालक म्हणालं, 'आमच्या हिला लय आवडत्यात, चार जास्त घाला.'"

विहिरीवरच्या बाकीच्या बायकाही पुढं सरकल्या. मग समोरच्या काकी म्हणाल्या, "मी तर काकवी दिलीती. वर भरून." आणखी एकीनं तूप-गूळ दिला होता, एकीनं तीळ-गूळ. सगळ्यांना मामंजींनी एकच सांगितलं होतं, आमच्या हिला लय आवडतंया.

आत्याबाईंच्या हातातली कळशी तशीच राहिली. त्या वळल्या आणि भरभर घराकडं निघाल्या. मागोमाग मी, माझ्यामागं काकू आणि मागं अर्धी विहीर.

मामंजी त्या वेळी आदल्या दिवशीच्या वाट्या परत आणायला बाहेर पडले होते. घरी नव्हते, पारावर नव्हते. मला खळ्यातली कडब्याची गंज आठवली, कारण तिच्या मागून मुंग्यांची रांग हल्ली फार जोरात असायची. तिथं गेलो. मामंजी गंजीला टेकून पाय पसरून बसले होते. मांडीवर वाटी, मिशीला काकवी, आणि चेहऱ्यावर इतकं सुख की क्षणभर मला त्यांना हाक मारवेना.

त्यांनी वर पाहिलं. सगळी आळी उभी.

"मुंग्या लय झाल्यात हितं," ते म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, मीसुद्धा. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी खाली बसून मामंजींच्या पायाची पट्टी नीट केली आणि इतकंच म्हणाल्या, "पाय गेल्यावर कुणाच्या मागं ओरडत फिरू मी? तुमी फिरायलाच न्हाई तर?"

मामंजींनी वाटी खाली ठेवली.

मग काकू आत्याबाईंकडं बोट करून बोलल्या. "मालक, तुमाला ठावं न्हाई म्हणून सांगते. तुमी सांगलीस्नं आला त्या दिवसापास्नं ह्यांनी गुळाला हात लावल्याला न्हाई. माझ्याकडं बी बिनगुळाचा च्या पित्यात. म्हणून तर म्हटलं, यांना आवडत्यात म्हणत्यात, मग लाडू तरी खातील. मला काय म्हाईत, लाडू ह्या गंजीतच ऱ्हात्यात."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून, रोज त्यांचा चहा गाळून, मला कळलं नव्हतं. त्या 'माझा गूळ मी वेगळा घालून घेते' म्हणायच्या आणि मी मान डोलवायची. मिशीवरची काकवी पुसायलाही मामंजींचा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई गल्लीत दारोदार गेल्या. सगळ्यांशी पुन्हा बोलणं सुरू केलं आणि प्रत्येकीला बजावून आल्या. वाटी रिकामी द्यायची नाही, रीत ती रीत. पण गोड घालायचं नाही. पुढच्या कोंबडीला मामंजी नेहमीसारखे वाट्या घेऊन गेले, आणि भरलेल्या वाट्या घेऊन परत आले. एकीत कारल्याच्या काचऱ्या. एकीत मेथीचा पाला. एकीत जांभळाच्या बियांची पूड. समोरच्या काकींनी तर कडुनिंबाचा कोवळा पाला दिला होता, वर भरून. आत्याबाईंनी सगळं त्यांच्या पुढ्यात ओळीनं मांडलं.

"ही काय शेजाऱ्यांची माया म्हणायची?" मामंजी म्हणाले.

"खावा," आत्याबाई म्हणाल्या. "मला लय आवडतंया म्हणून दिलंया त्यांनी."

यांची सुट्टी संपली. जाताना यांनी सॉसची उरलेली बाटली माझ्या हातात दिली आणि कढई किती तापवायची ते दारातून, मग वळणावरून, मग एस.टी.च्या खिडकीतून सांगितलं. तीन दगडांच्या चुलीवरची पळी तेव्हापासून माझ्या हातात आली. पारावर जाऊन 'काल मी कोंबडं केलंतं' असं सांगायची सोय मात्र बायकांना नव्हती, म्हणून विहिरीवर सांगितलं.

मग आमचं गुऱ्हाळ लागलं. सगळ्या गावात रस उकळल्याचा वास पसरायचा, आणि मामंजींना तिथं जाऊ द्यायचं की नाही यावर घरात खल झाला. त्यांच्या देखरेखीशिवाय गुऱ्हाळ कधी चाललं नव्हतं. आत्याबाई नको म्हणत होत्या. शेवटी त्यांनी एका स्टीलच्या वाटीत ताक भरून दुपारसाठी दिलं, आणि मामंजी काठी टेकत गेले. आत्याबाईंचा दिवस दारात गेला. मी कामात होते, पण माझंही लक्ष वाटेकडंच होतं. एवढ्या गुळात बसलेला तो माणूस. खरं सांगायचं तर माझा त्यांच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

उन्हं उतरल्यावर मामंजी आले. हातात तीच वाटी, वर उपरण्याचं टोक झाकलेलं. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी वाटी आत्याबाईंच्या हातात दिली.

"रिकामी द्याची न्हाई म्हनत्यात," ते म्हणाले.

आत नव्या गुळाचा खडा होता. पिवळाधमक, अजून कोमट, शिगोशीग वाटीभर.

आत्याबाईंनी खड्याकडं पाहिलं. कुठं कोपरा मोडलेला दिसतो का ते फिरवून पाहिलं. मग मामंजींच्या मिशा पाहिल्या, बोटं पाहिली, खिसा उलटा करून पाहिला. त्यांनी गुमान सगळं तपासू दिलं. मग आत्याबाईंनी मला हाक मारली, "नळी आन गं."

नळी तापवली. आम्ही तिघं त्या तीन दगडांभोवती वाकून बघत होतो. औषध उकळलं, फेस आला, खाली बसला. निळं.

आत्याबाईंनी वाटी मांडीवर घेऊन बसकण मारली. पदरानं डोळे पुसले आणि यावेळी मिरचीचं नाव घेतलं नाही. मग खड्याचा कोपरा मोडून त्यांनी तोंडात टाकला, इतक्या महिन्यांनंतर. मामंजी समोर उकिडवे बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ग्वाड हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"लय?"

"लय."

मामंजींनी समाधानानं मान हलवली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, आज कोंबडीत तीळ जरा जास्त घाल."